आधी रेघा नोंदवा, मग भिंत दुरुस्त करा

जुन्या सार्वजनिक इमारतीचा गिलावा सुटू लागला की दुरुस्तीचे काम निघते. पोकळ झालेल्या जागी चुन्याचे पातळ मिश्रण सुईने भरतात, तुटलेल्या कडा लिंपतात, भेगा बुजवतात, वरून बळकटी आणणारा द्रव मारतात. काम चोख झाले तर भिंत आणखी काही पिढ्या टिकते. आणि त्याच चोख कामात दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी खिळ्याने ओरखडलेले जहाज कायमचे बुजून जाते. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. कारागिराला भेग दिसली, त्याने ती भरली. ती भेग नव्हती, डोलकाठी होती, हे सांगणारा कागद त्याच्या हातात कुणी दिलेलाच नव्हता.

म्हणून मागणी सरळ आहे. प्राचीन गिलाव्याच्या कुठल्याही भिंतीला हात लावण्याआधी तिच्यावरच्या ओरखड्यांची, त्यातही चित्रांची, पूर्ण नोंद ही कंत्राटातली पहिली बाब असावी आणि ती पुरी झाल्याखेरीज दुसऱ्या बाबीचे बिल निघू नये. आज बहुतेक ठिकाणी हे काम ‘संशोधन’ या नावाखाली वेगळ्या खात्यात ढकलले जाते. संशोधक येतो तेव्हा भिंत आधीच गुळगुळीत झालेली असते.

ही चित्रे म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू. रोमन जगात न्यायालये, रंगमंदिरांचे बोळ, बाजाराच्या ओवऱ्या, स्नानगृहे, सैनिकांच्या छावण्या अशा लोकांच्या येण्याजाण्याच्या जागी भिंतीला चुन्याचा जाड गिलावा असे. रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियसच्या शिफारशीप्रमाणे खडबडीत पहिल्या थरावर वाळू-चुन्याचे तीन आणि त्यावर संगमरवराच्या पुडीचे तीन हात. प्रत्यक्षात इतके थर क्वचितच सापडतात, पण वरचा थर घट्ट, घोटलेला आणि बहुधा रंगवलेला असे. त्यावर मेणपाटीवर लिहिण्याची लोखंडी किंवा कांस्य लेखणी, खिळा किंवा सुरीचे टोक ओढले की लाल-काळ्या रंगाखालचा पांढरा चुना उघडा पडायचा आणि रेघ लख्ख दिसायची. आज रंग उडाल्यामुळे तीच रेघ पांढऱ्यावर पांढरी झाली आहे. समोरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही.

आकार बहुधा तळहाताएवढा, कधी त्याहूनही लहान. रेघेची रुंदी साधारण ०.२ ते १ मिलिमीटर, खोली त्याहून कमी. विषय ठरावीक आहेत: बाजूने पाहिलेली डोकी (बहुतेक जागी हीच सर्वांत जास्त), ग्लॅडिएटर (रिंगणात लढणारे योद्धे), जहाजे, हरणे, कुत्रे, पक्षी, घोडे, लिंगचित्रे, खेळाचे पट. तुर्कस्तानात इझमीरमधल्या प्राचीन स्मिर्नाच्या बाजारचौकात न्यायालयाच्या इमारतीखाली तळघर आहे. तिथल्या गिलाव्यावर जहाजे आणि ग्लॅडिएटर यांच्या शेजारी उभे-आडवे सारखेच वाचता येणारे शब्दांचे चौकोन आहेत, अक्षरांना अंकांची किंमत देऊन लपवलेली नावे आहेत. ‘जिचा अंक ७३१ आहे तिच्यावर माझे प्रेम आहे’ असे एकाने लिहून ठेवले. तिथे ओरखड्यांबरोबर शाईचाही वापर झाला आहे. तुर्कस्तानातल्याच आफ्रोडिसियास या प्राचीन शहरात गिलाव्याऐवजी संगमरवर आहे; खांब, पायऱ्या, क्रीडांगणाची आसने यांवर लोकांनी रेघा कोरल्या. दगडावरचे काम टिकते. गिलाव्याची चिंता वेगळीच आहे, आणि हा लेख गिलाव्यापुरता आहे.

चित्रे मागे का पडली, याचे एक कारण संशोधकांच्या घरातच आहे. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या इटलीतल्या रोमन शहराच्या भिंतींवरचा मजकूर कार्ल त्सांगेमाइस्टरने १८७१ मध्ये लॅटिन कोरीव लेखांच्या महासंग्रहाच्या चौथ्या खंडात एकत्र केला. त्या खंडाच्या पुरवण्या धरून आज तिथल्या लेखांची संख्या अकरा हजारांच्या पुढे जाते. काम अफाट आहे आणि त्याचे ऋण मान्यच करायला हवे. पण ते शब्दशास्त्रज्ञांचे काम होते. अक्षर दिसले की त्याला क्रमांक मिळे. शेजारचे हरीण त्या अक्षराच्या सोबतीने आले तर आले, एकटे असेल तर बहुधा सुटले. रोमन जगातल्या ओरखडलेल्या चित्रांची पद्धतशीर सूची मार्टिन लांगनर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केली. तीत दोन हजारांहून अधिक चित्रे आहेत. शब्दांच्या खंडात आणि या सूचीत १३० वर्षांचे अंतर आहे, आणि या १३० वर्षांत उघड्यावर राहिलेल्या गिलाव्याचे काय होते हे कुणाला सांगायला नको.

शब्द वाचला की चित्र गौण, ही समजूत किती फसवी आहे हे पाहायला एकच उदाहरण पुरेसे आहे. रोममधल्या पॅलाटिन टेकडीवर राजवाड्याशी संलग्न एका इमारतीत १८५७ मध्ये गिलाव्यावरचा एक ओरखडा सापडला. ग्रीक मजकूर एवढाच: अलेक्सामेनोस देवाची उपासना करतो. नुसता मजकूर नोंदवला असता तर कुणा भाविकाबद्दलची निरुपद्रवी ओळ म्हणून ती सूचीत पडून राहिली असती. चित्रात मात्र क्रुसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस आहे आणि त्याच्याकडे पाहत हात उंचावलेला दुसरा माणूस खाली उभा आहे. ख्रिस्ती सहकाऱ्याची ती उघड टवाळी आहे, आणि क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या सर्वांत जुन्या ज्ञात चित्रांमध्ये तिची गणना होते. सगळा अर्थ चित्रात आहे. अक्षरे फक्त नाव पुरवतात.

पॉम्पेईच्या नुकेरिया वेशीबाहेरच्या थडग्यांवर ग्लॅडिएटरांची रेखाटने आहेत. त्यांच्यासोबतच्या ओळींवरून कळते की मार्कुस अट्टिलिउस हा नवखा लढवय्या पहिल्याच लढतीत हिलारुसला हरवून गेला. हिलारुसच्या नावावर तोवर १४ लढती आणि १२ विजय होते. पुढे याच अट्टिलिउसने रेकिउस फेलिक्सलाही हरवले. शब्द निकाल सांगतात. शिरस्त्राण कसे होते, ढाल केवढी होती, कोणता लढवय्या कोणत्या जोडीत उतरे, हे चित्र सांगते. ‘एउरोपा’ नाव लिहिलेल्या पॉम्पेईतल्या जहाजाचेही तसेच: दोन सुकाणू-वल्ही, दोरखंडांची बांधणी, मागे ओढली जाणारी लहान होडी. दरबारी चित्रकार जहाज शोभेसाठी काढतो. भिंतीवर ओरखडणारा ते बहुधा बंदरात पाहिलेले, ओझे वाहिलेले जहाज म्हणून काढतो आणि दोर कुठे बांधतात यात सहसा चुकत नाही. सीरियातल्या दुरा-युरोपोस या प्राचीन शहरात सापडलेले नखशिखांत चिलखत घातलेल्या घोडेस्वाराचे रेखाटन लष्करी इतिहासाच्या पुस्तकांत वारंवार छापले जाते, कारण त्या काळातल्या अशा स्वाराची दुसरी चित्रे फारच थोडी आहेत.

कधी एखादी ओळ इमारतीचाच दाखला देते. पॉम्पेईच्या न्यायालयात गायुस पुमिदिउस दिपिलुस नावाचा माणूस ‘येथे होता’, आणि त्याने त्या वर्षीच्या कौन्सलांची (रोमच्या दोन सर्वोच्च वार्षिक अधिकाऱ्यांची) नावे घालून दिवसही लिहून ठेवला: इसवी सनपूर्व ७८ मधला ३ ऑक्टोबर. म्हणजे इसवी सन ७९ मध्ये शहर गाडले गेले तेव्हा तो गिलावा किमान १५६ वर्षे जुना होता आणि या काळात त्या जागी नवा हात मारला गेला नव्हता. इमारतीच्या देखभालीबद्दल इतका ठाम पुरावा कुठल्याही ग्रंथात नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. या ओरखड्यांना ‘सामान्यांचा आवाज’ म्हणण्याची हल्ली फॅशन आहे. काही सामान्यांचे आहेतच. पण श्रीमंतांच्या घरांतही आतल्या दालनांत भरपूर ओरखडे सापडतात, आणि ते मालकाच्या पाहुण्यांनी काढले की मुलांनी की गुलामांनी, हे रेघेवरून ठरत नाही. भिंतीवर ग्लॅडिएटर जास्त आहेत म्हणून लोकांना दुसरे काही आवडत नव्हते, हाही निष्कर्ष ओढूनताणून आणलेला. ग्लॅडिएटर आणि जहाज हे थोड्या रेघांत ओळखू येणारे विषय आहेत. जे काढायला सोपे ते जास्त काढले जाते, एवढेही त्यामागे असू शकते.

नोंद वेळेत झाली नाही तर काय होते, ते रोममध्येच पाहायला मिळते. त्रास्तेवेरे भागात अग्निशमन करणाऱ्या सातव्या पथकाची चौकी १८६५-६६ मध्ये खणून काढली. भिंतींवर तिसऱ्या शतकातल्या पहारेकऱ्यांचे सुमारे शंभर ओरखडे होते: नावे, तारखा, चरबीच्या मशालींची पाळी कुणी निभावली त्याच्या नोंदी. शहराच्या रात्रपाळीचे जणू हजेरीपुस्तकच. आज त्यातले भिंतीवर जवळजवळ काही उरलेले नाही. जे कळते ते त्या काळी उतरवून घेतलेल्या नकलांवरून, आणि नकला उतरवणाऱ्यांचे लक्ष मजकुराकडे होते. दुरा-युरोपोस इथे १९२८ ते १९३७ या काळात येल विद्यापीठ आणि फ्रेंच अकादमी यांनी उत्खनन केले. तिथले सुमारे १,४०० ओरखडे आज मुख्यतः त्या वेळच्या वह्या, नकला आणि फोटो यांतून अभ्यासावे लागतात. २०११ नंतरच्या युद्धात त्या जागेची प्रचंड लूट झाली. पॉम्पेईवर १९४३ मध्ये बॉम्ब पडले. तिथलीच स्कोला आर्मातुरारुम ही सार्वजनिक इमारत ६ नोव्हेंबर २०१० रोजी पावसानंतर कोसळली. तिच्यावर आधीच्या जीर्णोद्धारात घातलेले काँक्रीटचे जड छप्पर होते. दुरुस्तीनेच इमारत जड केली होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

लूट आणि बॉम्ब आपल्या हातात नसतात. दुरुस्ती असते. आणि ओरखडे नाहीसे होण्याचे दुरुस्तीतले मार्ग इतके ठरलेले आहेत की ते मोजून दाखवता येतात. सर्वांत साधा मार्ग भरणीचा: चुन्याची लुकण भेगेत भरताना शेजारच्या उथळ रेघांतही बसते, ओल्या स्पंजाने पुसले की रेघेच्या कडा बोथट होतात. दुसरा, सफाईचा. क्षारांचा पापुद्रा धारदार पातीने खरवडताना पात घसरते आणि नवी सरळ रेघ उमटते. अशा दहा-वीस रेघा झाल्या की खरा ओरखडा कोणता हे कुणालाच सांगता येत नाही. अतिसूक्ष्म चुन्याचे द्रावण जास्त मारले तर पृष्ठभागावर पांढरट झाक येते आणि उरलासुरला रंगभेदही जातो. गिलावा पडू नये म्हणून त्याच्यावर जपानी कागद चिकटवतात. तो काढताना सैल पोपडे त्याच्याबरोबर निघतात, आणि ओरखड्यांच्या कडा हेच सगळ्यात सैल पोपडे असतात. कडांना सिमेंट लावण्याची जुनी सवय तर आणखी घातक. सिमेंटमधले विरघळणारे क्षार ओलीबरोबर प्राचीन गिलाव्यात सरकतात, पाणी उडून जाते तसे रंगाच्या थरामागे स्फटिक होतात, आणि वरचा थर आतून ढकलून पाडतात. पडतो तो नेमका एकदोन मिलिमीटरचा वरचा थर. चित्र तेवढ्यातच असते.

सफाईच्या बाजूनेही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रोमच्या कलोसियममध्ये एका बोळातली शतकांची काजळी आणि चुन्याचे थर काढताना जुने रंग आणि रेखाटने हाती लागली. २०१३ मध्ये ती जाहीर झाली. म्हणजे सफाई ही शत्रू नव्हे. कशाकडे लक्ष ठेवायचे हे कामगारांना माहीत असावे आणि काम दर टप्प्यावर थांबवता यावे. मागणी आहे ती एवढीच.

आता नोंद कशी करायची. हे काम गूढ नाही, पण क्रम चुकला तर सगळे फुकट जाते.

पहिली फेरी अंधारात. रात्री, किंवा खिडक्या-दारे काळ्या कापडाने झाकून. हातात एक लहान तीव्र दिवा, भिंतीला जवळजवळ टेकवून, १० ते १५ अंशांच्या तिरप्या कोनात. प्रकाश चारही बाजूंनी फिरवायचा, आणि वरून व खालून विसरायचे नाही. इथे सर्वाधिक चूक होते. प्रकाशाच्या दिशेला समांतर असलेल्या रेघेची सावली पडत नाही. दिवा फक्त उजवी-डावीकडून धरला तर जहाजाची डोलकाठी दिसते आणि तळाची आडवी रेघ व शिडाची आडकाठी गायब होते. पॉम्पेईच्या हस्ताक्षरात उभ्या फटकाऱ्यांची चलती आहे, लॅटिन ‘E’ हे अक्षर तर बहुधा नुसत्या दोन उभ्या रेघांनी लिहीत. म्हणून बाजूच्या प्रकाशात अक्षरे वाचता येतात आणि वाचणाऱ्याला काम झाल्यासारखे वाटते. चित्राच्या रेघा सगळ्या दिशांना जातात.

या फेरीत भिंतीवर खडूने किंवा पेन्सिलने खूण करायची नाही. आधी भिंतीचा सरळ, विकृती काढलेला छापील फोटो तयार ठेवायचा आणि खुणा त्याच्यावर. धूळ असेल तर रबरी फुग्याच्या हवेने उडवायची. ब्रशचा मोह टाळायचा. कोळशाने काढलेले काही शेजारी असेल तर ते ब्रशच्या पहिल्या फटकाऱ्यात जाते. कोळसा किती नाजूक असतो याचाच आधार घेऊन २०१८ मध्ये पॉम्पेईतल्या एका घरातली १७ ऑक्टोबरची कोळशातली नोंद इसवी सन ७९ चीच असावी, आणि म्हणून उद्रेक ऑगस्टऐवजी शरदात झाला असावा, असा युक्तिवाद पुढे आला.

दुसरी फेरी छायाचित्रांची. उथळ ओरखड्यांसाठी सध्या सर्वांत उपयोगी पद्धत म्हणजे रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग, थोडक्यात आरटीआय. तिचे मूळ तंत्र टॉम माल्झबेंडर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडले. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का, भिंतीला काटकोनात. चौकटीत कडेला दोन चकचकीत काळे गोळे. मग कॅमेरा न हलवता दिवा प्रत्येक वेळी वेगळ्या जागी धरून ३६ ते ६० फोटो, कोन १५ ते ६५ अंशांच्या दरम्यान. गोळ्यांवरच्या चमकदार ठिपक्यावरून संगणक प्रत्येक फोटोतल्या प्रकाशाची दिशा काढतो, आणि मग पडद्यावर हवा तिथून प्रकाश टाकून भिंत पाहता येते. दिव्याचे अंतर चौकटीच्या कर्णाच्या सुमारे तिप्पट आणि सर्व फोटोंत सारखे असावे. त्यासाठी दिव्याला दोरी बांधतात आणि दुसरे टोक भिंतीच्या मध्याजवळ धरून, भिंतीला न टेकवता, फोटोच्या क्षणी सोडून देतात. फोकस आणि एक्स्पोजर हाताने ठरवून कुलूपबंद. एका फोटोपुरताही कॅमेरा केसभर सरकला, गोळा हलला, किंवा कुणी दार उघडून दिवसाचा उजेड आत घेतला, तर तो संच पुन्हा.

किती मोठी चौकट घ्यायची? ०.२ मिलिमीटरच्या रेघेवर निदान चार पिक्सेल पडायला हवेत, म्हणजे एका पिक्सेलला ०.०५ मिलिमीटर. ६००० × ४००० पिक्सेलच्या कॅमेऱ्यात त्यामुळे चौकट ३० × २० सेंटिमीटरची येते. कर्ण ३६ सेंटिमीटर, दिव्याचे अंतर सव्वा मीटरच्या आत. अरुंद बोळातही जमते. चौकट दुप्पट केली तर दिवा दोन मीटरपलीकडे न्यावा लागतो, मागची भिंत आड येते, आणि बारीक रेघेवर दोनच पिक्सेल उरतात. पण २० मीटर लांब, २ मीटर उंच अशी अख्खी भिंत ३० × २० च्या चौकटींनी, २० टक्के एकमेकींवर चढवून टिपायची म्हटले तर हजाराच्या वर चौकटी होतात आणि प्रत्येकी ४८ फोटोंप्रमाणे पन्नास हजार फोटो. म्हणूनच पहिली फेरी हवी. तिने दाखवलेल्या दाट जागांवर आरटीआय, उरलेल्या भिंतीवर चार दिशांच्या तिरप्या प्रकाशातले साधे फोटो. नुसते त्रिमितीय मॉडेल करून समाधान मानणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की मिलिमीटरच्या काही दशांश खोलीची रेघ अनेकदा मॉडेलच्या स्वतःच्या त्रुटीत बुडून जाते. पॉम्पेईच्या रंगमंदिरांजवळच्या बोळात, जो अठराव्या शतकापासून उघडा आणि अभ्यासलेला आहे, अलीकडच्या आरटीआय मोहिमेने डझनावारी नवे ओरखडे दाखवून दिले. दोनशे वर्षे लोक त्यांच्यासमोरून जात होते.

तिसरी गोष्ट वाचनाची. दोन माणसांनी एकमेकांचे न पाहता वेगवेगळी रेखाटने करावीत, मग शेजारी ठेवावीत. जिथे जुळत नाहीत ती जागा नोंदीत तशीच राहू द्यावी. पारदर्शक कागद भिंतीवर ठेवून रेघा गिरवण्याची जुनी पद्धत दोन अर्थांनी वाईट: गिलाव्यावर दाब पडतो, आणि गिरवणारा माणूस त्याला जे दिसायला हवे असते ते गिरवतो.

रेघ कोणती खरी, हेही शिकावे लागते. ओल्या गिलाव्यात ओढलेल्या रेघेच्या कडा गोलसर, थोड्या उचललेल्या असतात. त्या बहुधा रंगाऱ्याच्या आखणीच्या. वाळलेल्या गिलाव्यावरच्या ओरखड्याची कड तुटक, ठिकऱ्या उडालेली. मध्यावर बारीक भोक असलेले निर्दोष वर्तुळ कंपासचे असते, मग ते आखणीचे असो वा खेळाचे. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे जिची कड सलग जाते ती नंतरची. जुन्या रेघेत नवीचा भुगा ढकललेला सापडतो. रेघ तुटलेल्या पोपड्याची कड ओलांडून खालच्या थरावर चालत गेली असेल तर ती पडझडीनंतरची. रेघेत राख किंवा क्षारांचा थर बसलेला असेल तर जुनी. आणि उंची मोजायची ती आजच्या नव्हे, प्राचीन जमिनीपासून. गाडलेल्या जागी आजची फरशी अर्धा मीटर वर असू शकते, मग मोठ्या माणसाचे चित्र मुलाचे वाटू लागते. डोक्यालाच थेट पाय फुटलेली माणसे खालच्या उंचीवर सापडली तर ती मुलांची असण्याचा तर्क बळकट होतो, पण उंचीचे माप चुकले तर तर्कच उभा राहत नाही.

दोन उपाय वारंवार सुचवले जातात आणि दोन्ही मला पटत नाहीत. एक, चित्राचा तुकडा कापून संग्रहालयात नेणे. अलेक्सामेनोसचा तुकडा आज संग्रहालयात सुरक्षित आहे, पॉम्पेईच्या न्यायालयातले काही तुकडे नेपल्सला आहेत. वाचले हे खरे. पण बाकाच्या वर होते की दाराशेजारी, उजेडाकडे तोंड होते की अंधाऱ्या कोपऱ्यात, शेजारी कुणी उत्तरादाखल काही ओरखडले होते का, हे कापताना सुटते. भिंत पडायलाच आली असेल तेव्हाच कापणे क्षम्य, आणि तेही पूर्ण नोंदीनंतर. दुसरा उपाय काचेचा. भिंतीला चिकटून लावलेल्या पारदर्शक पत्र्यामागे ओल कोंडते, आतून दव धरते आणि क्षारांना मोकळे रान मिळते. त्यापेक्षा मीटरभर अंतरावर कठडा आणि वरून-बाजूने आळीपाळीने लागणारा तिरपा दिवा बरा. पाठीवरची पिशवी घासणे हेच बोळांतले मोठे नुकसान आहे, आणि कठड्याने ते थांबते.

मग नेहमीचा टोमणा येतो: दोन हजार वर्षांपूर्वीचा ओरखडा वारसा, आणि आजच्या पर्यटकाने ओरखडले की गुन्हा? कलोसियमच्या भिंतीवर किल्लीने नाव कोरणारा पर्यटक २०२३ मध्ये जगभर गाजला. इटलीने जानेवारी २०२४ च्या कायद्याने अशा विद्रुपीकरणाला १० हजार ते ४० हजार युरोंचा प्रशासकीय दंड लावला. टोमण्यात तर्काचा अंश आहे, पण तो परिस्थितीतला फरक विसरतो. पॉम्पेईची भिंत वापरातली होती. निवडणुकीच्या रंगवलेल्या घोषणांवर चुना फिरवून नव्या लिहिल्या जात, गिलावा बदलला जाई, आणि ओरखडणाऱ्यांनी मधली रंगीत चित्रे बहुधा टाळून आजूबाजूच्या मोकळ्या पट्ट्यात हात चालवला आहे. एवढी गर्दी झाली होती की न्यायालयाच्या भिंतीवर एकाने लिहिले, ‘हे भिंती, इतक्या लिहिणाऱ्यांचा कंटाळवाणा भार सोसूनही तू कोसळली नाहीस याचे मला नवल वाटते.’ तीच ओळ शहरात आणखीही जागी सापडली आहे. आजची भिंत पुन्हा लिंपली जाणार नाही. तिच्यावरची प्रत्येक नवी रेघ एखाद्या जुन्या रेघेवरून जाण्याची शक्यता आहे, आणि जुनी कुठे आहे हे आपल्यालाच पुरते ठाऊक नाही. आजच्या माणसाने आपली नोंद ठेवायला दुसऱ्या हजार जागा आहेत.

खरा अवघड प्रश्न मधल्या काळातल्या ओरखड्यांचा आहे. ग्रीसमध्ये सुनियोनच्या पोसायडन मंदिरावर इंग्रज कवी बायरनचे नाव कोरलेले दाखवतात. त्याचे आहे की नाही यावर वाद घालता येईल; पण कुणी ते पुसायला निघाले तर आरडाओरडा होईल, आणि शेजारच्या अनामिकाचे त्याच काळातले नाव पुसले तर होणार नाही. ही निवड प्रसिद्धीवर चालते, अभ्यासावर नाही. माझ्या मते नियम सोपा ठेवावा: भिंत स्मारक म्हणून कायद्याने राखली जाण्याआधीचे सगळे जसेच्या तसे ठेवायचे, नंतरचे नोंदवून मगच काढायचे. काढण्याआधी नोंद हवीच, कारण नव्या ओरखड्याखाली काय आहे ते बऱ्याचदा तो काढतानाच दिसते.

उरला पैशांचा मुद्दा. छप्पर गळत असताना रेघा मोजत बसायचे का, असे अभियंते विचारतात, आणि त्यांची घाई खोटी नसते. धोकादायक भागाला आधी बाहेरून टेकू द्यावा, छप्पर झाकावे. त्याला कुणाची हरकत नाही. गिलाव्याला हात लावणे मात्र नोंदीपर्यंत थांबू शकते, कारण टेकू आणि छप्पर यांना गिलावा खरवडावा लागत नाही. वर उदाहरणात घेतलेल्या ४० चौरस मीटरच्या भिंतीवर पहिली फेरी दोन माणसांच्या काही रात्रींत होते. निवडक साठ-सत्तर चौकटींचे आरटीआय, प्रत्येकी वीस मिनिटे धरली, तर तयारीसह आठवडाभराचे काम. कॅमेरा, ट्रायपॉड, दिवा, दोन गोळे आणि दोरी एवढेच साहित्य. मचाण तर दुरुस्तीसाठी बांधलेलेच असते, आणि ते उतरवल्यावर वरचे ओरखडे पाहायला पुन्हा बांधणे हाच यातला सगळ्यात महाग प्रकार ठरतो.

निविदेत मग तीन ओळी घालाव्या लागतील. मजकूर असो वा चित्र, प्रत्येक ओरखड्याला स्वतंत्र क्रमांक. अश्लील चित्रांनाही, कारण जुन्या सूचींत ती गाळली गेल्याने आकडेच वाकडे झाले आहेत. मूळ फोटो, दोन्ही वाचकांची रेखाटने आणि प्रकाशाच्या जागांची नोंद सार्वजनिक संग्रहात जमा, नुसता सुबक अहवाल चालणार नाही. आणि दुरुस्ती संपल्यावर त्याच चौकटी, त्याच अंतरावरून, त्याच कोनांत पुन्हा टिपून आधीच्या संचाशी ताडून पाहाव्यात. हा दुसरा संच अंतिम बिलाला जोडलेला नसेल, तर कंत्राटदाराची अनामत रोखून धरावी.